सात नंबरचं औषध

रतिलाल धानोऱ्याला घरी पोचला तेव्हा त्याची धाकटी बहीण मीना ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती आणि चौथी गोळी पाण्याबरोबर गिळत होती. समोर मलेरियाखात्याचा भिला उकिडवा बसला होता. गोळी खरोखर पोटात गेली की गालात दडून राहिली, याची खात्री केल्याशिवाय हा माणूस कुणाच्या ओसरीवरून उठत नसे. अंगात खाकी शर्ट, खांद्याला रक्त घ्यायच्या काचपट्ट्यांची पेटी, आणि दर पंधरवड्याला सायकलवरून घरोघर एकच प्रश्न, कोणाला ताप आला का?

"दादा उना!" मीना हसली. तिला सातवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण, म्हणून पोळ्याच्या आधीच सासरच्या खापर गावाहून तिचा नवरा मगन तिला माहेरी सोडून गेला होता. पण चेहरा माहेरपणाला आलेल्या पोरीचा नव्हता. ओठ पांढरे पडले होते आणि डोळे खोल गेले होते.

रतिलालने हातातली ट्रंक खाली ठेवली नाही. "कसानी गोळी शे ती?"

"हिवतापनी. क्लोरोक्विन," भिला म्हणाला. "बोटमातलं रक्त तपासाले धाडं व्हतं, आते उत्तर उनं, हिवतापच शे. आज चार दिध्यात, उद्या दोन, परवा दोन. मंग निवांत."

"उद्यान्या देवान्या नहीत."

स्वतःचा आवाज रतिलालला जरा परका वाटला. पण शब्द मागे घ्यावे असं त्याला वाटलं नाही. मुंबईहून तो निघाला होता तो हेच सांगायला.

त्याचं असं झालं होतं. सदुसष्ट साल होतं ते. रतिलाल तीन वर्षं मुंबईच्या एका संशोधनसंस्थेत डॉक्टरेटचं काम करत होता. धानोऱ्याच्या गुजर वस्तीतला एम.एस्सी. झालेला तो पहिला. तो नेमकं काय करतो हे गावात कुणालाच कळत नव्हतं, आणि संस्थेतल्या निम्म्या लोकांनाही कळत नव्हतं. जीवाच्या प्रत्येक पेशीत डीएनएचा पीळदार दोर असतो. त्या दोराच्या आत पायऱ्या असतात. माणसं वर्षानुवर्षं जी औषधं घेत आली आहेत, त्यांतलं कुठलं त्या पायऱ्यांमध्ये जाऊन बसतं, आणि बसलं तर किती घट्ट, हे रतिलाल शोधत होता. काचेच्या नळीत नाही. कॉम्प्युटरवर.

अकरा जुनी औषधं त्याने निवडली होती. प्रत्येकातला एकेक अणू कुठे असतो, त्याची मापं परदेशी मासिकांतून उतरवून घेतली होती. ती मापं भोकं पाडलेल्या कार्डांवर चढायची, कार्डांचा गठ्ठा खिडकीत द्यायचा, आणि दुसऱ्या दिवशी कडेला भोकं असलेला रुंद कागद घडी घालून हातात यायचा. एखाद्या कार्डावर एक भोक चुकलं तरी अख्खा गठ्ठा परत यायचा. असं करत करत दहा महिने गेले होते.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात शेवटचा कागद आला. रतिलालने तो टेबलावर उलगडला आणि बोट फिरवत खाली आला. आकडा शून्याच्या जितका खाली, पकड तितकी घट्ट. पहिली सहा औषधं अशीतशीच होती. सात नंबरपाशी बोट थांबलं. सात नंबरचं औषध चपटं होतं, दोन पायऱ्यांच्या फटीत सुरी म्यानात जावी तसं जात होतं, आणि आकडा सगळ्यांत खाली होता. सात नंबर म्हणजे क्लोरोक्विन.

एरवी त्याने आनंदाने उडीच मारली असती. शेजारच्या टेबलावरच्या मित्राने तर त्याची पाठ थोपटली. पण संस्थेच्या सूचनाफलकावर पाच-सहा वर्षांपूर्वीचं एक पिवळं पडलेलं कात्रण अजून टाचलेलं होतं. युरोपात गरोदर बायकांनी झोपेची साधी गोळी घेतली आणि हातपाय नसलेली मुलं जन्माला आली, अशी ती बातमी होती. त्या कात्रणासमोरून रतिलाल रोज जायचा. त्या दिवशी तो तिथे थांबला. आणि त्याच संध्याकाळी खोलीवर आईचं पत्र आलेलं होतं. शेजारच्या मास्तरांकडून लिहवून घेतलेलं, चार ओळींचं. मीना आली आहे. तिला एक दिवसाआड थंडी वाजून ताप येतो. भिलाने रक्त नेलं आहे. काळजी नसावी.

त्याचे सर तेव्हा दोन महिन्यांसाठी बंगलोरला गेले होते. समोर बसून विचारायला कोणी नव्हतं. रतिलालने पंधरा दिवस काढले, पुन्हा पुन्हा तोच कागद वाचला, आकडेमोड हाताने तपासली. चूक कुठेच नव्हती. मग एक दिवस कागद ट्रंकेत टाकून त्याने सुरतेकडची गाडी धरली.

त्या दिवशी जेवायच्या वेळी त्याने घरच्यांना समजावून सांगितलं. आई जसोदाबाई चुलीपाशी होती. मोठा भाऊ सुपडू शेतातून येऊन ताटावर बसला होता. भिलालाही जसोदाबाईने आग्रहाने बसवून घेतलं होतं. रतिलालने टोपलीतली भाकरींची चवड पुढे ओढली.

"हाई देखा. आपला आंगमा अशी चवड ऱ्हास. एकवर एक. पोर पोटमा वाढस तवय हाई चवड उलगडी उलगडीसन तिन्ही नक्कल व्हस. नाक कसं, हात कसा, सगळं तठेच लिखेल शे." त्याने पापड उचलला आणि दोन भाकरींच्या मध्ये हळूच सारला. वरच्या भाकरी किंचित तिरप्या झाल्या. "आनि हाई ती गोळी."

जसोदाबाई त्या तिरप्या झालेल्या भाकरींकडे बघत राहिली. दाराशी टेकलेल्या मीनाचा हात आपोआप पोटावर गेला.

"हाई कोनी सांगं?" सुपडूने विचारलं.

"मशीननी. मुंबईनी."

"मंग त्यामा चूक कशी हुई?" सुपडू म्हणाला आणि पुन्हा जेवू लागला. त्याच्यापुरता प्रश्न मिटला होता.

भिलाचा मिटला नव्हता. त्याने हातातला घास खाली ठेवला. "रतिलालभाऊ, तुम्ही म्हनतस ते खरं व्हई. मी सातवी शिकेल मानूस. पन मंग हिवताप कसा जाई? हाऊ साधा हिवताप नही. डोकामा चढस तो. डोंगरमा मी देखेल शे."

"आठ-दहा दिवस थांब. मी सरेसले पत्र लिखस. त्यासनं उत्तर उनं का मंग देखू. तवलोंग गुळवेलना काढा दे तिले, माय."

भिलाने जसोदाबाईकडे पाहिलं. तिने मान फिरवली. "तो इतला शिकेल शे भिला. त्याले कळस ते आपले काय कळी?"

भिला चार गोळ्या पुडीत बांधून ओसरीच्या कोनाड्यात ठेवून गेला. जाताना एवढंच म्हणाला, की विचार बदलला तर आहेत इथे. जसोदाबाईने त्याची सायकल वळणावर दिसेनाशी झाल्यावर ती पुडी उचलली आणि उकिरड्यावर टाकून दिली. रतिलालने ते पाहिलं.

दुसऱ्या दिवशी नंदुरबारला जाऊन त्याने सरांना पत्र टाकलं. आकडे लिहिले, बहिणीचं लिहिलं, शेवटी विचारलं, मी केलं ते बरोबर ना?

आणि मग मीना बरी झाली.

तिसऱ्या दिवशी थंडी वाजायला हवी होती, वाजली नाही. पाचव्या दिवशीही नाही. तिला भूक लागू लागली, ती उन्हात बसून आईबरोबर शेंगा फोडू लागली. पहिल्या दिवशीच्या चार गोळ्यांनी ताप नुसता दबला होता, मेला नव्हता. पण हे धानोऱ्यात फक्त भिलाला माहीत होतं, आणि त्याचं ऐकायला कोणी बसलं नव्हतं. लोकांनी पाहिलं ते इतकंच, की रतिलाल मुंबईहून आला, त्याने सरकारी गोळी बंद केली, आणि पोरगी उठून बसली.

रतिलालनेही तेच पाहिलं. रोज सकाळी तो मीनाच्या कपाळाला हात लावायचा आणि त्याच्या छातीतलं ओझं थोडं हलकं व्हायचं.

पलीकडच्या घरातली फुलवंताबाई ही बातमी घेऊन गावभर फिरली. तिच्यात वाईट बुद्धी काही नव्हती. तिची सून बेबीबाईही पोटुशी होती, तेव्हा तिला ती लाखमोलाची गोष्ट वाटली. "ती गोळी पोटमा जाईसन बसस ती निंघतच नही," ती विहिरीवर सांगायची. "रतिलालनी भाकरीमा पापड घालीसन दखाडं." आठवड्याभरात त्या पापडाचा किडा झाला, किड्याचा विंचू झाला. गोळी घेणाऱ्या बाईला मूल होत नाही, असं कोणी म्हणालं. सरकारला तेच हवं आहे, असं दुसऱ्याने जोडलं. कापूस वेचायला मोलगीकडून डोंगरातली माणसं उतरू लागली होती, त्यांच्या पालांपर्यंतही ते गेलं.

रतिलाल रस्त्याने निघाला की म्हातारी माणसंही उठून उभी राहू लागली. चावडीसमोर त्याला थांबवून कोणी खोकल्याच्या औषधाबद्दल विचारी, कोणी इंजेक्शनबद्दल. तो म्हणे, मी डॉक्टर नाही. ते हसत आणि म्हणत, डॉक्टरच्या वरचे आहात तुम्ही. हे ऐकून त्याला अवघडल्यासारखं व्हायचं, पण वाईट वाटायचं असं नाही. खरं सांगायचं तर मुंबईत तीन वर्षांत त्याला इतकं कोणी विचारलं नव्हतं.

बाराव्या दिवशी भिला आला तो सरळ रतिलालकडे. सायकल भिंतीला टेकवून उभाच राहिला.

"रतिलालभाऊ, एक काम करा. चावडीवर एकदाव सांगा लोकेसले. कोन्ही बोट पुढे करत नही. गोळी दिधी तं मन्हा समोर गिळतस आनि मी वळना का थुकी देतस. तीन घरमा ताप शे. माले बाहेरतीन कळस. पन 'कोन्ही आजारी नही' म्हनतस आनि दार लोटी देतस."

"भिला, मी फक्त मीनाबद्दल सांगं व्हतं. बाकी लोकेसले गोळी खाऊ नका असं मी कोनलेच सांगं नही."

"तुम्ही काय सांगं ते मी आयकं. लोकेसनी काय आयकं ते बी देखा."

रतिलालला राग आला. आपण चूक केली असं हा सातवी शिकलेला माणूस आपल्याला सांगतो आहे, असं त्याला वाटलं. "सरेसनं पत्र येऊ दे," तो म्हणाला. "मंग सांगसू."

भिलाने सायकल भिंतीपासून ओढली. मग म्हणाला, "दलसिंगना पालमा तीन जन आजारी व्हतात. मोलगीना शे तो. त्यानी कोनलेच इचारं नही, तिन्हीसले गोळ्या दिध्यात. बरा शेत. तो म्हने, आमनाकडे गये साल वीस मानसं गयात, आम्हले पापड दखाडू नका."

सायकल घेऊन तो गेला.

पंधराव्या दिवशी दुपारी पोस्टमनने पत्र आणून दिलं. बंगलोरचा शिक्का होता. रतिलाल ते घेऊन खळ्याकडे गेला आणि गवताच्या गंजीच्या सावलीत बसून त्याने ते फोडलं.

सर थोडं लिहीत, पण सरळ लिहीत. आकडे बरोबर दिसतात, त्यांनी लिहिलं होतं. क्लोरोक्विन डीएनएला चिकटतं हे नळीतल्या प्रयोगांतही दिसलं आहे, तेव्हा तुझं गणित चांगलं जमलं, अभिनंदन. पण तू मशीनला विचारलंस ते इतकंच, की हे औषध त्या फटीत मावतं का. ते अपाय करतं का, हे तू विचारलेलं नाहीस, आणि विचारलं असतंस तरी मशीनला सांगता आलं नसतं. किती गोळ्या घेतल्या, त्यांतलं रक्तात किती गेलं, आईच्या पेशीत किती आणि हिवतापाच्या जंतूत किती, यातलं एक अक्षर तुझ्या कार्डांवर नाही. जंतूलाही डीएनए असतो. कदाचित तिथे चिकटूनच ते त्याला मारत असेल. गरोदर बायकांना हे औषध कितीतरी वर्षं देतात आणि बाळांना काही झाल्याचं ऐकिवात नाही. हिवतापाने मात्र आई आणि बाळ दोन्ही जातात. पुढचं वाक्य त्यांनी अधोरेखित केलं होतं. हे पत्र मिळताच बहिणीला पूर्ण औषध दे.

रतिलालने पत्र दोनदा वाचलं. तो उठला, घराकडे निघाला. अंगणात मीना आईच्या साडीचं दुपटं शिवत बसली होती. गालांवर रंग आला होता. फुलवंताबाई बेबीबाईला घेऊन तिथेच बसली होती, आणि रतिलालला पाहताच म्हणाली, "ये बाबा, ये. तुन्हामुळे आमनी सून वाचनी."

त्याच क्षणी त्याने पत्र वाचून दाखवायला हवं होतं. पुढे आयुष्यभर त्याला ठाऊक होतं, की तो क्षण तोच होता. पण दोघी बायका त्याच्याकडे ज्या नजरेने बघत होत्या, त्या नजरेसमोर त्याची जीभ उचलली नाही. मीनाला ताप नाही, त्याने मनाशी म्हटलं. आज सांगितलं काय, उद्या सांगितलं काय. उद्या भिलाला गाठू, गुपचूप गोळ्या घेऊ, मीनाला देऊ. लोकांना दसरा झाल्यावर हळूहळू सांगता येईल. त्याने पत्र घडी करून खिशात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी भिला गावात नव्हता. त्याचा फेरा पलीकडच्या गावांत होता. रतिलाल सायकल काढून त्याला शोधायला जाऊ शकला असता, नंदुरबारहून गोळ्या आणू शकला असता. सुपडूने कापसाच्या वेचणीला चल म्हटलं, तो गेला. दिवसभर त्याने कापूस वेचला, आणि खिशातला कागद घामाने मऊ झाला.

तिसऱ्या दिवशी, दसरा दोन दिवसांवर असताना, सकाळी मीना म्हणाली की डोकं दुखतं. अकराच्या सुमाराला थंडी वाजू लागली. दोन गोधड्या घातल्या, तिसरी घातली. खाट हलत होती. रतिलालने सायकल काढली आणि भिलाच्या घराच्या दिशेने मारली. भिला त्याला वाटेतच भेटला. काय झालं हे त्याने विचारलं नाही, रतिलालचं तोंड पाहिलं आणि पेटी उघडत मागे फिरला. दोघं पोचले तेव्हा थंडी थांबून अंग तव्यासारखं तापलं होतं. भिलाने गोळी तिच्या तोंडाशी धरली.

"मीनाबाई, तोंड उघड."

तिने डोळे उघडले. भिलाकडे पाहिलं, रतिलालकडे पाहिलं, आणि कुणालाच ओळखलं नाही. गोळी ओठांवरून घरंगळली. मग तिचे दात एकमेकांवर घट्ट बसले आणि हातपाय ताठ होऊन आचके देऊ लागले.

जसोदाबाईने हंबरडा फोडला. भिला मीनाच्या जबड्यात फडक्याची गुंडाळी घालत ओरडला, "जीप देखा! गोळीवर आते काही नही!"

जिनिंगवाल्यांची जीप मिळायला एक तास गेला. नंदुरबारच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पापण्या उचलून पाहिल्या, पोटाला नळी लावून बाळाचे ठोके ऐकले, क्विनाईनची बाटली शिरेतून सुरू केली. "कोर्स पुरा केला होता का?" त्यांनी विचारलं.

"एकच दिवस," भिला म्हणाला.

दोन दिवस मीना शुद्धीवर आली नाही. दसऱ्याच्या दिवशी दुपारी तिला कळा सुरू झाल्या आणि मुलगा झाला. पूर्ण घडलेला होता. नाक, कान, हातापायांची वीस बोटं, सगळं जागच्या जागी होतं. रतिलालने फडकं बाजूला करून एकेक बोट पाहिलं. बाळ जिवंत नव्हतं.

संध्याकाळी मीनाने डोळे उघडले. ती वाचली.

खापरहून मगन आला. शांत, सरळ माणूस होता तो. बायकोजवळ बसला, तिचा हात धरला, मग बाहेर व्हरांड्यात आला. सुपडू आणि रतिलाल बाकावर बसले होते.

"डॉक्टर म्हनतस, गोळ्या अर्ध्या ऱ्हायन्यात," मगन म्हणाला. "कोनी बंद कयात?"

"बंद कोठे? उलटीमा पडन्यात," सुपडूने घाईघाईने सांगितलं.

रतिलाल म्हणाला, "मी बंद कयात."

मगनने त्याच्याकडे पाहिलं. तो ओरडेल, अंगावर धावून येईल, असं रतिलालला वाटलं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. मगन नुसताच बघत राहिला, एखाद्या अनोळखी माणसाकडे बघावं तसा. मग वळून आत गेला. पुढे रतिलालच्या उभ्या हयातीत तो त्याच्याशी एक शब्दही बोलला नाही.

चार दिवसांनी मीना उशीला टेकून बसू लागली. एका दुपारी खोलीत दोघंच होते. ती खिडकीकडे बघत होती. अचानक म्हणाली, "दादा, तुन्हा मशीनमा मन्हं पोर बी घाली देखं व्हतं का?"

"नही."

"माले वाटनं, घालं व्हई," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. तिला खरंच तसं वाटलं होतं. रतिलाल तोंड झाकून बाहेर आला.

मुंबईला त्याने तार केली, रजा वाढवून घेतली. आणि मग भिलाबरोबर तो घरोघर निघाला. चावडीवर उभा राहून त्याने सरांचं पत्र वाचलं, मधल्या तीन दिवसांचंही सांगितलं. माझं चुकलं, गोळी घ्या, असं हात जोडून म्हणाला. माणसं गप्प बसून ऐकत होती. त्याला वाटलं, पटलं. पण पांगताना मागून कुजबुज ऐकू आली. मीनाचं बाळ गेलं ते त्या पहिल्या चार गोळ्यांनीच, असं कोणीतरी सांगत होतं. रतिलाल तर आधीच बोलला होता, म्हणे. आता सरकारने त्याला दटावलं असेल.

पंधरा दिवसांत धानोऱ्यात तीन माणसं गेली. दोन म्हातारी, आणि एक तिशीचा गडी, दोन दिवसांच्या तापाने. त्या प्रत्येक घरातून तिरडी निघाली तेव्हा रतिलाल मागे चालला, आणि प्रत्येक वेळी त्याच घरी दुसऱ्या दिवशी भिलाबरोबर गोळ्या घेऊन गेला. काहींनी घेतल्या. कितीकांनी दार उघडलंच नाही. भिला रोज पहाटे उठून त्याच्यासाठी ओसरीवर थांबायचा. त्याने एकदाही म्हटलं नाही, की मी सांगितलं होतं.

दिवाळी तोंडावर आली तेव्हा एका सकाळी ते दोघं फुलवंताबाईच्या दारी उभे राहिले. तिने दार वीतभर उघडलं.

"काकू, बेबीबाई दिसत नही चार दिवस व्हयनात," भिला म्हणाला.

"माहेरले गयी."

आतून खाट वाजत होती. अंगात थंडी भरलेल्या माणसाखाली खाट वाजते तशी, बारीक, सारखी, न थांबता. तिघांनाही ऐकू येत होती.

"काकू," रतिलाल म्हणाला, "मन्हं आयका. मन्ही चूक व्हयनी. गोळी द्या तिले. मी पाया पडस."

"तुले सरकारनी असं सांगाले लावं ना, रतिलाल?" फुलवंताबाईच्या डोळ्यांत कीव होती. "माले म्हाईत शे. तू काय करशी बिचारा."

रतिलालने भिलाच्या हातातली पुडी घेतली, दोन गोळ्या काढून तिच्या समोर तोंडात टाकल्या आणि पाण्यावाचून गिळल्या. कडू चव घशात अडकली.

"तू खाशी," ती म्हणाली. "पन तुन्ही सख्खी बहीन, तिले नही दिधी ना तू? तवय तू खरं बोलना व्हता. मी ते धरी ठेयेल शे."

दार लागलं. आतून कडी सरकवल्याचा आवाज आला. रतिलाल पायरीवरच खाली बसला. भिलाही त्याच्या शेजारी टेकला. "बठा," तो हळूच म्हणाला. "पानी भराले तरी बाहेर निंघीच."

ऊन पायरीवर चढत आलं. ती काही बाहेर आली नाही. आत खाट वाजत राहिली, बराच वेळ. मग आवाज हळूहळू विरळ होत गेला आणि थांबला.

भिलाने मान वर केली. रतिलालने त्याच्याकडे पाहिलं. आतून बोलण्याचा, कण्हण्याचा, भांड्याचा, कसलाच आवाज येत नव्हता.

"रतिलालभाऊ, उठा," भिला म्हणाला, आणि दोघांनी मिळून दाराला खांदा लावला.